वाऱ्याची मोजणी : पतंगापासून ड्रोनपर्यंत

आजचा विषय पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. युनियनच्या माणसाने पगारवाढ, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे; हवा मोजणाऱ्या यंत्रांशी त्याचे काय काम? पण आपण सफाळ्याचे लोक सगळेच हवेच्या भरवशावर जगणारे आहोत. ज्याची भातखाचरे आहेत त्याला लावणीला पाऊस हवा आणि झोडणीच्या वेळी नको. मिठागरातल्या मजुराला अवकाळी सर म्हणजे महिनाभराच्या कष्टाचे पाणी. दर्यावर जाणाऱ्याची तर गोष्टच सोडा. आणि पहाटेच्या गाडीने बोईसरला पाळी गाठणारा कामगार आठ आठ तास तिथली हवाच छातीत भरून घेतो. तेव्हा हवेचा हिशेब कोण ठेवतो, कसा ठेवतो आणि तो हिशेब कुणाला दाखवतो, हा आपल्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. माझे शालेय शिक्षण थोडे. जे काही कळले ते वाचनालयातल्या पुस्तकांनी आणि पाळीवरच्या सोबत्यांनी शिकवले. त्या शिदोरीवर हा इतिहास आपणांसमोर मांडतो.

ड्रोन हा शब्द आता लग्नाच्या मांडवापर्यंत पोहोचला आहे. वरातीवर घोंघावत चित्रण करणारे ते चार पंख्यांचे यंत्र लहान पोरेही ओळखतात. त्याच जातीच्या यंत्रावर तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि वारा मोजणारी उपकरणे बसवून ते आकाशात पाठवावे, असा विचार जगभर चालू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे सचिव एम. रविचंद्रन यांनीही सांगितले की, हवामानखाते रोज दोन वेळा जे फुगे सोडते, त्यांचे काही काम ड्रोनकडून करून घेता येईल का याची चाचपणी चालली आहे. बातमी नवी असली तरी तिच्यामागचा खटाटोप पावणेतीनशे वर्षांचा आहे, आणि त्यात आपल्या मुलखाचा वाटा लहान नाही.

आपल्याकडे हवेची शास्त्रशुद्ध नोंद सुरू झाली ती मुंबईत, कुलाब्याला. ईस्ट इंडिया कंपनीने तेथे १८२६ साली वेधशाळा उभारली ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना बिनचूक वेळ सांगण्यासाठी. हवेची आणि चुंबकत्वाची नियमित नोंद तेथे १८४१ पासून होऊ लागली. एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्लिबार हे त्या कामाचे प्रमुख. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. अलिबागेजवळच्या नागाव गावचा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तेथे दरमहा पन्नास रुपयांवर नोकरीस लागला. हेच पुढचे प्रख्यात गणिती केरो लक्ष्मण छत्रे, टिळकांचे गुरू. पुढे त्यांनी ग्रहगणिताचे ग्रंथ लिहिले, डेक्कन कॉलेजात गणित शिकवले. पण आरंभीची सुमारे दहा वर्षे त्यांनी कुलाब्याला वेध आणि नोंदी यांतच घालवली.

या कामाचे स्वरूप ध्यानात घ्यावे. वायुभारमापकाचा पारा किती चढला, तापमापक काय दाखवतो, वारा कोणीकडचा, हे ठरल्या घटकेला जाऊन पाहायचे आणि वहीत लिहायचे. दिवस असो, रात्र असो, मुसळधार पाऊस असो. एक नोंद चुकली तर ती पुन्हा मिळत नाही, कारण ती घटका गेली ती गेली. गिरणीत बॉयलरवर बसणाऱ्या माणसाला ही शिस्त समजेल. शास्त्राचा पाया अशा पाळीवाल्यांनी घातला आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे वहीच्या कोपऱ्यात आद्याक्षरांपुरतीच उरली आहेत.

परंतु जमिनीवरून केलेली मोजणी अपुरी पडते. पाऊस जमिनीवर पडतो, पण तयार होतो वर. वर हवा किती गार आहे, तीत बाष्प किती आहे, कोणत्या थरात कोणता वारा वाहतो, हे कळल्यावाचून ढग बरसेल की नुसता गडगडून जाईल हे सांगता येत नाही. म्हणून माणसाने तापमापक वर चढवण्याची धडपड सुरू केली. पहिले साधन पतंग! १७४९ साली स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर विल्सन यांनी एकाच दोरीवर अनेक पतंग लावून त्यांना तापमापक बांधले. पुढे १८९४ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या ब्लू हिल वेधशाळेने स्वतःच नोंद करणारे यंत्र पतंगावरून वर नेले. हे पतंग आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखे नव्हेत. पेटीच्या आकाराचे, माणसाहून मोठे, आणि दोरीऐवजी पोलादी तारेवर उडणारे.

भारतात हा प्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. हवामानखात्यातले जे. एच. फील्ड यांनी कराची आणि बेळगाव येथे, तसेच समुद्रावरही, पतंग उडवून वरच्या हवेचे मोजमाप केले. मोसमी वारा किती उंचीपर्यंत पोहोचतो आणि त्याच्यावर काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. बेळगाव निवडण्याचा अर्थ आपणांस सहज कळेल, कारण सह्याद्रीला आपटून वर चढलेला पाऊसवारा तेथे हाताशी येतो. पतंगाच्या मर्यादाही उघड होत्या. वारा पडला की तो खाली येतो. वारा फार झाला की तार तुटून यंत्रासकट जातो. विजेच्या दिवसांत तर तार धरणाऱ्याच्या जिवावरच बेतते. आणि तीन-चार किलोमीटरच्या वर त्याची धाव क्वचितच. हेच फील्ड पुढे खात्याचे प्रमुख झाले.

पतंगानंतर फुगा आला. १९१४ च्या सुमारास आग्र्याला वरच्या हवेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र वेधशाळा निघाली. हायड्रोजन भरलेल्या फुग्याखाली इवलेसे यंत्र टांगत. त्यातल्या टपालाच्या तिकिटाएवढ्या धातूच्या पत्र्यावर तापमान आणि दाब यांचे बारीक ओरखडे उमटत. फुगा वर जाऊन फुटे आणि यंत्र कुठे तरी शेतात, रानात पडे. ते परत मिळाले तरच सारा खटाटोप सफळ. म्हणून यंत्राबरोबर चिठ्ठी असे की, हे आणून देणाऱ्यास बक्षीस मिळेल. कुणी गुराखी, कुणी कुळवाडी ती वस्तू उचलून सरकारी कचेरीत नेऊन देई. अशा परत आलेल्या यंत्रांच्या आधारे के. आर. रामनाथन यांनी १९२९ साली ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात दाखवून दिले की, वातावरणातली सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताच्या माथ्यावर, सतरा-अठरा किलोमीटर उंचीच्या आसपास आहे. साऱ्या जगाला हा शोध नवा होता. निबंधावर नाव रामनाथन यांचे आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या ओरखड्यांचे पत्रे ज्यांनी उन्हातान्हातून चालत आणून दिले, त्यांच्या प्रामाणिकपणावाचून तो निबंध लिहिलाच गेला नसता.

१९२८ साली हवामानखात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. आजही पुण्यात शिवाजीनगरची ती दगडी इमारत ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखली जाते. त्याच सुमारास युरोपात रेडिओसाँड नावाचे यंत्र निघाले. फ्रान्समध्ये रोबेर ब्युरो यांनी १९२९ साली आणि रशियात मोल्चानोव यांनी जानेवारी १९३० मध्ये ते यशस्वी करून दाखवले. फुग्याखालचे यंत्र आता वरूनच रेडिओने आकडे सांगू लागले. ते परत मिळण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी यंत्रे मिळणे कठीण झाले तेव्हा आपल्या खात्याने ती घरीच बनवली. पुण्याला वेंकिटेश्वरन यांच्या देखरेखीखाली घड्याळाच्या चक्रावर चालणारे आणि दिल्लीला पंख्यावर चालणारे, असे दोन प्रकारचे रेडिओसाँड तयार झाले.

याच पुण्यात १९४८ साली अण्णा मणी या विदुषी उपकरण विभागात रुजू झाल्या. स्वतंत्र देशाने तापमापक आणि पर्जन्यमापकही परदेशातून का आणावेत, हा त्यांचा सवाल. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे पक्के करून ती येथे बनवण्याची घडी बसवली. त्यांच्या हाताखाली शंभराहून अधिक माणसे होती. लेथवर पितळ कातणारा, काच फुंकणारा, काटे जुळवणारा असा कारागीर नसता तर कागदावरचे नकाशे कागदावरच राहिले असते. अण्णा मणी यांचे एक तत्त्व सांगतात: चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे. हे तत्त्व हवामानखात्याइतकेच कारखान्याच्या तपासणी-अधिकाऱ्याच्या टेबलावरही लावून ठेवण्याजोगे आहे.

तेव्हापासून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळा ठरून गेल्या. जगभरातल्या वेधशाळा एकाच क्षणी फुगा सोडतात, म्हणजे साऱ्या पृथ्वीचे एकच चित्र मिळते. फुगा तीस किलोमीटरच्या आसपास चढतो आणि फुटतो. पण यात दोन उणिवा आहेत. एक, प्रत्येक वेळचे यंत्र बहुधा गमावलेच जाते. देशभर असे शंभरावर संच रोज खर्ची पडतात. दुसरी उणीव अधिक मोठी: फुगे सोडण्याची ठाणी शेकडो किलोमीटर दूर आणि वेळा दिवसातून दोनच. मधल्या जागेत आणि मधल्या बारा तासांत काय घडले ते फुग्याला ठाऊक नसते.

हवा किती थोड्या अंतरात बदलते याचा धडा मुंबईने २००५ साली घेतला. २६ जुलैच्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात, लोकलने तासाभराच्या अंतरावर असलेल्या कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आतबाहेर. एकच कुलाबा पाहणाऱ्याने म्हटले असते, आज साधारण पाऊस आहे. त्यानंतर स्वयंचलित पर्जन्यमापक वाढले, डॉपलर रडार आले. ढगातले पाणी रडारला दिसते; पण ढग जमण्यापूर्वीची निरभ्र हवा, विशेषतः जमिनीलगतचा पहिला एक-दोन किलोमीटरचा थर, अजूनही पुरता हाती लागत नाही. नेमकी हीच जागा ड्रोनची आहे.

ड्रोनने हवा मोजण्याची कल्पना लग्नातल्या ड्रोनहून जुनी आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये एरोसाँड नावाचे तेरा-चौदा किलो वजनाचे चालकरहित विमान न्यूफाउंडलंडहून निघाले आणि अटलांटिक महासागर ओलांडून पावणेसत्तावीस तासांनी स्कॉटलंडच्या बेटांवर उतरले. इंधन लागले अवघे सहा-सात लिटर. हवामानाच्या टेहळणीसाठीच ते बनवलेले होते. आपल्याला अधिक जवळचा प्रयोग मालदीवमधला. मूळचे मद्रासचे वीरभद्रन रामनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ च्या हिवाळ्यात पाहिले होते की, भारताच्या किनाऱ्यावरून धूर, काजळी आणि धूळ यांचा तपकिरी पडदा समुद्रावर हजार-दोन हजार किलोमीटर पसरतो. हा पडदा खालच्या जमिनीला सावली देऊन गार करतो, की हवेला तापवतो, हा वाद होता. मार्च २००६ मध्ये त्यांनी हनिमाधू बेटावरून तीन लहान ड्रोन एकाच वेळी उडवले: एक ढगांच्या वर, एक ढगांत, एक खाली. तिघांच्या आकड्यांची वजाबाकी केल्यावर दिसले की, काजळीमुळे खालच्या हवेचे उन्हाने तापणे सुमारे निम्म्याने वाढते. माणूस बसलेल्या विमानांना एकमेकांच्या डोक्यावर इतक्या जवळून, इतक्या वेळा उडवणे खर्चाचे आणि धोक्याचे झाले असते.

तरी ड्रोन म्हणजे जादूची काडी समजू नये. फुगा तीस किलोमीटर चढतो, ड्रोनची अपेक्षा पाच किलोमीटरपर्यंतची. बॅटरी थोड्या वेळात संपते. सोसाट्याचा वारा, गडगडाट आणि मुसळधार पाऊस, म्हणजे ज्या वेळी आकडे सर्वांत जास्त हवेत तीच वेळ त्याला अवघड. पंख्याच्या झोताने आणि यंत्राच्या उष्णतेने मोजमाप बिघडू नये म्हणून उपकरण कुठे बसवावे यालाही शास्त्र आहे. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे मोकळ्या क्षेत्रातही १२० मीटरच्या वर जायचे तर परवानगी लागते, आणि ती लागावीच, कारण वर विमाने आहेत. मात्र त्याचे दोन गुण मोठे आहेत. ते परत येते, म्हणून त्याला पुन्हा पाठवता येते. आणि ते पाहिजे त्या जागी, पाहिजे त्या घटकेला पाठवता येते.

‘पाहिजे त्या घटकेला’ या शब्दांवर मी भर देतो, कारण आपल्या भागाचा प्रश्न तेथेच आहे. दिवसा जमीन तापते, हवा वर उठते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. बोईसरच्या धुराड्यांतला धूर त्या वेळी वर चढून पांगतो आणि पूर्वेकडे जातो. रात्री उलट होते. जमीन गार पडते, तिला लागलेली हवाही गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. हिवाळ्यात हे झाकण फार खाली उतरते. चुलीचा धूर संध्याकाळी घरांच्या कौलांवर आडवा पसरून राहिलेला आपण पाहतो, तो याच कारणाने. मतलई वारा मंद असतो. जे जमिनीजवळ सुटले ते जमिनीजवळच फिरत राहते. म्हणजे तोच कारखाना, तेवढाच वायू, पण दुपारच्या पाळीला जाणवत नाही आणि रात्रपाळीच्या माणसाचे डोळे चुरचुरतात.

एका कारखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगारांनी उग्र वासाची तक्रार केली होती. त्या प्रकरणात मी होतो. तपासणी झाली ती सकाळी अकराला. अहवाल आला, सर्व काही मर्यादेत. आकडा खोटा नव्हता. तो अकरा वाजताचा होता. कामगारांना खोटे ठरवायला तेवढे पुरले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत हवा, पाणी आणि जमीन मिळून ९३.६९ इतका निर्देशांक लागला आणि आपण देशात पहिले आलो. अशा ठिकाणी पहाटे तीन वाजता, जमिनीपासून शंभर मीटरपर्यंत दर दहा मीटरवर हवा मोजणारे यंत्र असेल, तर झाकण किती उंचीवर आहे आणि त्याच्याखाली काय साचले आहे हे उजेडात येईल. वासाच्या तक्रारीला तापमानाच्या नोंदीची साक्ष मिळेल.

पण नुसत्या मोजणीने माणूस वाचतो का? याचे उत्तर आपल्याच समुद्राने दिले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले. हवामानखात्याचे इशारे काही दिवस आधीपासून निघत होते. उपग्रह, रडार, फुगे, सगळ्यांनी आपापले काम केले होते. मच्छीमारांच्या बोटी किनाऱ्याला लागल्या होत्या. तरी तेलक्षेत्रात काम करणारे कामगारांचे तराफे समुद्रात राहिले. १७ मे रोजी पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती, त्यांपैकी ७० हून अधिक दगावली. दुसरा एक तराफा भरकटत पालघरजवळच्या किनाऱ्यावर येऊन रुतला आणि त्यावरच्या १३७ जणांना तटरक्षक दल व नौदल यांनी सुखरूप उतरवले. सरकारने चौकशी समिती नेमली. कुणाचा दोष किती हे ठरवण्याची ही जागा नव्हे. मला दिसते ते एवढेच की, आकडा होता, इशारा होता. पण परत फिरायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा जीव जाणार होता त्याच्याजवळ नव्हता. शंभर ड्रोन आणखी उडवले असते तरी या एका उणिवेची भरपाई झाली नसती.

म्हणून या इतिहासातून मी एक बोध घेतो. पतंग, फुगा, रेडिओसाँड, ड्रोन या सगळ्यांचे काम वर जाण्याने अर्धेच होते. वरचा आकडा खाली उतरून ज्याच्या अंगावर ती हवा येणार आहे त्याच्या हाती पडला आणि त्याला त्याप्रमाणे वागता आले, म्हणजे ते पुरे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांना दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. पैसा यंत्रांवर जाईल आणि जावा. परंतु त्याबरोबर आपण तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात हवा मोजली जाईल तेव्हा तिचे आकडे मराठीत, कारखान्याच्या दारावर, बंदरावर आणि स्टेशनात लागले पाहिजेत, आणि ते रात्रपाळीचेही असले पाहिजेत. इशारा निघाल्यावर काम थांबवणाऱ्या मजुराची मजुरी कापली जाता कामा नये. आणि ही यंत्रे उडवण्याचे, दुरुस्त करण्याचे, नोंदी ठेवण्याचे काम पालघर, डहाणू, सफाळे येथल्या आयटीआयच्या मुलामुलींना शिकवले पाहिजे, कायम नोकरीच्या हिशेबाने. नागावचा एक मुलगा कुलाब्याच्या वहीपासून सुरुवात करून देशाचा गणिती झाला. तशी मुले आजही आपल्या गाडीला लोंबकळत कामाला जातात.